होमरन अवघे २८, सरासरी .२६२, तरी ओझी स्मिथ पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेममध्ये कसा?

मधलीफळी

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाचा प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

ओझी स्मिथ, अमेरिकन बेसबॉलमधला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). १९७८ ते १९८१ सॅन डिएगो पाद्रेस, १९८२ ते १९९६ सेंट लुईस कार्डिनल्स. १९ हंगाम, २,५७३ सामने आणि होमरन (चेंडू थेट कुंपणापार मारलेला फटका) २८. एका हंगामातले नव्हेत, सगळे मिळून! सरासरी .२६२, म्हणजे चारदा बॅट घेऊन उभा राहिला तर एकदा हिट. त्याच्या काळातले तगडे बॅटर एवढे होमरन एकेका हंगामात मारत. तरीही २००२ साली हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलच्या दिग्गजांचं सन्मानदालन) मतपत्रिकेवर पहिल्यांदा नाव आलं आणि त्याच खेपेला ९१.७ टक्के मतं पडली. लागतात ७५ टक्के. त्या वर्षी पत्रकारांनी निवडलेला तो एकटाच.

विचारलं की सगळे एका शब्दात उत्तर देतात, क्षेत्ररक्षण. पण क्षेत्ररक्षणावर इतकं? आपल्याकडे एकनाथ सोलकरच्या २७ कसोटींतल्या ५३ झेलांची आठवण अजून निघते, पण नुसत्या त्या बळावर कोणी १९ वर्षं संघात राहील हे क्रिकेटच्या डोक्याला पटत नाही.

तर शॉर्टस्टॉपच्या जागेत असं काय आहे ते कोणी नीट सांगेल का? कार्डिनल्सच्या मैदानावर कृत्रिम गवत होतं, त्याचा त्याला फुकटचा फायदा झाला असंही वाचलं, ते कितपत खरं? आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघातल्या मुलींना त्याच्या चित्रफिती दाखवायच्या आहेत, तर त्यांना नेमकं काय बघायला सांगू?

जुना_हातमोजा

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो.

क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागला तरी धावायचं की नाही हे फलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये फटका फाउल रेषांच्या आत पडला की धावणं भाग आहे. त्यामुळे इथे "अडवला" या शब्दाला काडीची किंमत नाही. चेंडू अडवला, पण फेक अर्धं पाऊल उशिरा पोचली, तर तो सिंगलच, म्हणजे बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप. प्रत्येक ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) हा धावबादचा प्रयत्न असतो आणि तोही एकाच ठिकाणी, पहिल्या बेसवर.

आता घड्याळ लावून बघा. होमपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, पहिला बेस ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. उजव्या हाताचा बॅटर तिथे साधारण ४.३ सेकंदांत पोचतो. डावखुरा बेसच्या बाजूलाच उभा असतो, त्यामुळे तो थोडा आधीच. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, बराच मागे उभा असतो. तिसऱ्या बेसकडच्या खोल कोपऱ्यातून (याला ते "होल" म्हणतात) पहिला बेस जवळजवळ १२५ ते १३० फूट लांब पडतो. ताशी १२० किलोमीटरने फेकलं तरी चेंडूला तिथे जायला सव्वा सेकंद लागतो. चेंडू बॅटपासून त्याच्यापर्यंत यायला पावणेदोन-दोन सेकंद गेले. हातात उरला जेमतेम एक सेकंद. त्या एका सेकंदात चेंडू ग्लोव्हमध्ये घ्यायचा, दुसऱ्या हातात काढायचा, शिवण बोटांत बसवायची, पाय रोवायचा आणि सोडायचा.

बहुतेक बॅटर उजव्या हाताचे. जोरात मारलेला त्यांचा चेंडू डावीकडे, म्हणजे शॉर्टस्टॉपच्या बाजूलाच जातो. म्हणून आउटफिल्डच्या अलीकडे उभ्या असलेल्या चौघांत सर्वांत जास्त काम त्याला. डावखुरा माणूस या जागेवर कधी दिसत नाही, कारण चेंडू उचलल्यावर पहिल्या बेसकडे फेकायला त्याला अख्खं अंग वळवावं लागतं. तिथेच तो एक सेकंद संपतो.

त्यात पुन्हा डबल प्ले. स्कोअरशीटवर शॉर्टस्टॉपचा आकडा ६, सेकंड बेसमनचा ४, फर्स्ट बेसमनचा ३. "६-४-३" लिहिलं असेल तर शॉर्टस्टॉपने उचलला, सेकंड बेसमनला दिला, त्याने पहिल्या बेसवर पाठवला, एका फटक्यात दोन बाद. "४-६-३" असेल तर मधला माणूस शॉर्टस्टॉप. त्याला धावत बेसवर यायचं, चेंडू घ्यायचा, बेसला पाय घासायचा आणि अंगावर घसरत येणाऱ्या रनरच्या वरून उडी मारून हवेतच फेकायचं. ओझीचा हवेतला जो फोटो सगळीकडे दिसतो तो या क्षणाचा. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,५९० डबल प्ले होते आणि शॉर्टस्टॉपसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. पुढे ओमार विझकेलने मोडला.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. ओझीचा हात तोफेसारखा नव्हता. त्याच्याहून जोरात फेकणारे शॉर्टस्टॉप त्याच्या काळातही होते. त्याने वेळ वाचवला तो पायांत आणि चेंडू ग्लोव्हमधून हातात काढण्यात.

आकडेमोड

हातमोजा दादांनी घड्याळ लावलं, मी हिशेब लावतो.

मधलीफळी, तुम्ही बघताय ते सगळे आकडे बॅटचे आहेत. ग्लोव्हचे बघा. ८,३७५ असिस्ट, म्हणजे त्याने फेकून किंवा पास देऊन घडवलेले बाद. शॉर्टस्टॉपमध्ये हा आजवरचा विक्रम आहे. सलग १३ गोल्ड ग्लोव्ह (आपापल्या जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाला दरवर्षी मिळणारा किताब), १९८० ते १९९२. फिल्डिंग टक्केवारी .९७८.

आता गंमत. यातली शेवटची टक्केवारी सर्वांत फसवी. ती फक्त एवढंच सांगते की ज्या चेंडूपर्यंत माणूस पोचला त्यातले किती नीट हाताळले. जो चेंडू चार हात लांबून गेला त्याची चूक कोणाच्याच खात्यावर पडत नाही, तो बॅटरचा हिट ठरतो. म्हणजे जागचा न हलणारा शॉर्टस्टॉप कागदावर एकदम स्वच्छ! ओझीची किंमत नेमकी त्या चेंडूंमध्ये आहे जे दुसऱ्यांच्या वहीत कधी लिहिलेच गेले नाहीत.

किंमत किती? सर्वसाधारण हिशेब असा: सिंगल झाला तर संघाच्या अपेक्षित धावा साधारण अर्ध्याने वाढतात, बाद झाला तर पाव धावेने घटतात. म्हणजे सिंगलचा बाद केला की फरक पाऊण धावेचा. हंगामात इतरांपेक्षा असे ३० चेंडू जास्त पकडले तर २२-२३ धावा वाचल्या. दहा धावांना एक विजय हे ढोबळ माप धरा, दोन सामने नुसत्या ग्लोव्हने जिंकले. बॅटने तेवढा फरक पाडायचा तर पंधरा-सोळा होमरन जास्त मारावे लागतात. आधुनिक मोजणीत ओझीने सरासरी शॉर्टस्टॉपपेक्षा कारकिर्दीत वाचवलेल्या धावा २३९ येतात आणि संरक्षणातल्या "वॉर"मध्ये (बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त मिळवून दिले त्याचं माप) तो ४४.२ वर आहे, इतिहासात पहिला. ही मोजणी जुन्या नोंदींवरून केलेला अंदाज आहे, दशांशाला देव मानू नका. पण पहिल्या क्रमांकाबद्दल फारसा वाद नाही.

तरीही एकट्या ग्लोव्हवर दार उघडत नाही. मार्क बेलँजर बघा. बाल्टिमोरचा, ८ गोल्ड ग्लोव्ह, ग्लोव्हच्या हिशेबात ओझीच्या पाठोपाठ. सरासरी .२२८. हॉल ऑफ फेमच्या आसपासही फिरकला नाही. ओझीकडे २,४६० हिट, ५८० चोरलेले बेस (फटका नसताना पळून मिळवलेले) आणि १,०७२ वॉक (चार वाईट चेंडू पडल्याने फुकट मिळालेला पहिला बेस) होते, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) फक्त ५८९. वॉक स्ट्राइकआउटच्या जवळजवळ दुप्पट! होमरन नसलेला, पण बेसवर येणारा आणि आला की पळणारा माणूस.

जाता जाता: रॅबिट मॅरनव्हिल नावाचा जुना शॉर्टस्टॉप १९५४ साली हॉलमध्ये निवडला गेला, मृत्यूनंतर काही आठवड्यांतच. त्याचे होमरन किती? २८.

शंकासुर

एवढा गजर चाललाय म्हणून थोडं पाणी ओततो. बुश स्टेडियमवर १९७० पासून कृत्रिम गवत होतं, ओझीच्या काळात बेसभोवती तेवढी माती. अशा जमिनीवर टप्पा सरळ येतो, खडा-ढेकूळ लागून उडत नाही. शॉर्टस्टॉपला दोन पावलं मागे उभं राहता येतं, मागे उभं राहिलं की बाजूचे चेंडू जास्त मिळतात. आणि लांबून फेकताना मुद्दाम एक टप्पा टाकून पाठवता येतं, कारण तिथे टप्प्यानंतर चेंडूचा वेग फारसा मरत नाही. ही युक्ती ओझीची नाहीच, सिनसिनाटीच्या डेव्ह कन्सेप्सिऑनने ती आधी रूढ केली.

शिवाय त्या काळी गोल्ड ग्लोव्ह म्हणजे मॅनेजर आणि कोच मंडळींची मतं. एकदा नाव झालं की दरवर्षी त्याच नावावर शिक्का. शेवटच्या दोन-तीन गोल्ड ग्लोव्हबद्दल मला तरी शंका आहे.

जुना_हातमोजा

शंकासुर, गवताचा मुद्दा अर्धा बरोबर. टप्पा सरळ येतो हे खरं, पण तो येतोही लवकर. मातीत मेलेला असता असा चेंडू तिथे सळसळत निघून जातो. मागे उभं राहावं लागतं ते म्हणूनच, हौसेने नव्हे. आणि सेंट लुईसच्या उन्हाळ्यात त्या तापलेल्या चटईवर चौदा वर्षं गुडघे टेकून सूर मारायचे म्हणजे फायद्याचं व्याज गुडघ्यांनी फेडलं म्हणा.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. त्याचा सर्वांत मोठा विक्रम कृत्रिम गवतावरचा नाहीच. १९८० साली त्याने ६२१ असिस्ट केले, शॉर्टस्टॉपसाठी एका हंगामातला विक्रम, आणि तेव्हा तो सॅन डिएगोत होता, घरचं मैदान खऱ्या गवताचं. त्याआधीचा विक्रम ग्लेन राइटचा, १९२४ साली ६०१.

एप्रिल १९७८ मध्ये बरोजच्या फटक्यावर केलेली करामतही सॅन डिएगोतलीच. ओझी मोठ्या लीगमध्ये येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. अटलांटाच्या जेफ बरोजने मधून जोरात ग्राउंडर मारला. ओझीने दुसऱ्या बेसच्या मागे डावीकडे सूर मारला. चेंडू ग्लोव्हमध्ये येणार तेवढ्यात वेडावाकडा उडाला आणि त्याच्या अंगामागे जायला लागला. अंग हवेत डावीकडे चाललेलं, चेंडू उजवीकडे. त्याने मोकळा उजवा हात मागे टाकला, उघड्या पंजात चेंडू धरला, पोटावर आपटला, उसळून उठला आणि पहिल्या बेसवर फेकून बरोजला बाद केलं. चटईवर चेंडू असा उडालाच नसता! हा प्रकार खऱ्या जमिनीचाच.

शंकासुर

६२१ मान्य. पण १९२४ चा हंगाम १५४ सामन्यांचा होता, १९८० चा १६२ चा. सामन्यामागे काढलं तर दोघंही चारच्या जरा आत, तेवढेच भरतात.

आकडेमोड

भागाकार बरोबर, निष्कर्ष चुकला. १९२४ मध्ये बॅटर फारसे स्ट्राइकआउट होत नसत, त्यामुळे मैदानात येणारे चेंडूच जास्त. १९८० पर्यंत स्ट्राइकआउट बरेच वाढलेले. कमी चेंडूंतून तेवढेच बाद काढले तर श्रेय कोणाला जास्त?

गोल्ड ग्लोव्हच्या शेवटच्या वर्षांबद्दल म्हणाल तर १९९१ बघा. वय ३६, १५० सामने, चुका आठ. नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळलेल्या शॉर्टस्टॉपच्या त्या तेव्हा सर्वांत कमी होत्या. (हो, चुका फसव्या असतात हे मीच वर म्हणालोय. पकडलंत तर पकडलंत.)

मधलीफळी

झकास. आता बॅटचं सांगा. १९७९ ला .२११, १९८१ ला .२२२ आणि मग १९८७ ला चक्क .३०३? तिशी ओलांडल्यावर माणूस अचानक बॅट धरायला शिकला?

डावी_उजवी

अचानक नाही, पण नशिबाने गाव बदललं हे खरं.

मुळात तो उजव्या हाताचा. दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायला तो कॅल पॉली या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात कोचकडून शिकला. कारण साधं: उजव्या पिचरचा (म्हणजे गोलंदाजाचा) वळणारा चेंडू डाव्या बाजूने उभं राहिल्यास अंगाकडे येताना दिसतो, लांब पळत नाही. शिवाय पहिला बेस दोन पावलं जवळ. १९७७ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पाद्रेसनी चौथ्या फेरीत घेतला, खालच्या लीगमध्ये वॉला वॉला गावी ६८ सामने खेळला आणि पुढच्या एप्रिलला थेट मोठ्या लीगमध्ये. म्हणजे ज्या वयात डाव्या हाताची बॅटिंग मुरवायची ती त्याने टीव्हीसमोर मुरवली. १९७९ च्या सुरुवातीला ३२ वेळा बॅटिंग करून एकही हिट नव्हता.

पाद्रेसशी पगारावरून बिनसलं. एजंटने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की ओझी स्मिथला जोडधंदा म्हणून अर्धवेळ काम हवं आहे. त्यावर संघमालक रे क्रॉक (मॅकडॉनल्ड्सवाले) यांच्या पत्नी जोन यांनी स्वतःच्या बंगल्यावर माळ्याच्या हाताखाली काम देऊ केलं, तेही जाहीरपणे! तिकडे सेंट लुईसमध्ये गॅरी टेम्पलटन हा बॅटने कितीतरी सरस शॉर्टस्टॉप प्रेक्षकांना अश्लील हावभाव करून बसला होता. दोन्ही संघांना आपापला शॉर्टस्टॉप नकोसा झालेला, अदलाबदल झाली. ओझीच्या करारात बदलीला नकार देण्याचा हक्क होता, म्हणून डिसेंबर १९८१ मध्ये ठरलेला व्यवहार फेब्रुवारी १९८२ मध्ये पुरा झाला.

मॅनेजर व्हाइटी हर्झॉगने त्याच्याशी पैज लावली. चेंडू हवेत मारलास तर तू मला एक डॉलर द्यायचा, जमिनीवर मारलास तर मी तुला एक. हंगामाअखेर हर्झॉगकडे जवळजवळ ३०० डॉलर निघत होते. यामागे हिशेब आहे. दीडशे पौंडांच्या माणसाने उंच मारलेला चेंडू म्हणजे बहुतेक वेळा सोपा झेल. तोच चेंडू चटईसारख्या मैदानावर खाली मारला तर फटीतून निघून जातो किंवा उंच टप्पा घेतो, आणि फेक येईपर्यंत ओझी बेसवर. मोठ्या मैदानात होमरनच्या नादी लागायचं नाही, पळायचं आणि अडवायचं हा हर्झॉगचा कारखानाच होता. १९८२ चे कार्डिनल्स बघा, १६२ सामन्यांत संघाचे मिळून ६७ होमरन, दोन्ही लीगमध्ये सर्वांत कमी, आणि वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) मिलवॉकीला हरवून जिंकली.

१९८७: सरासरी .३०३, ४० डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे हिट), १०४ धावा, ७५ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा), ४३ बेस चोरले, होमरन शून्य. एमव्हीपीच्या (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) मतदानात दुसरा आला, पहिला आंद्रे डॉसन. होमरन एकही नसताना ७५ आरबीआय ही गोष्ट पुन्हा वाचा.

आणि जो होमरन सगळ्यांच्या तोंडी आहे तो १४ ऑक्टोबर १९८५ चा. डॉजर्सविरुद्ध लीग चॅम्पियनशिपचा पाचवा सामना, मालिका २-२, धावसंख्या २-२, नववी इनिंग, एक बाद. समोर उजवा पिचर टॉम नीडनफ्युअर, म्हणून ओझी डाव्या बाजूने. तोवर डाव्या बाजूने ३,००९ वेळा बॅटिंग करून एकही होमरन नव्हता. आतल्या बाजूला आलेला वेगवान चेंडू त्याने ओढला आणि तो उजव्या कुंपणावरून गेला. सामना खलास. कार्डिनल्सनी पुढचा सामनाही जिंकला, मालिकेत ओझीची सरासरी .४३५ आणि मालिकेचा मानकरी तोच. वर्ल्ड सिरीज मात्र कॅन्सस सिटीने सात सामन्यांत नेली.

जुना_हातमोजा

याला जोडून खांद्याचं सांगायलाच हवं, कारण शॉर्टस्टॉपचा खांदा गेला की तो सहसा सेकंड बेसवर ढकलला जातो.

त्याच १९८५ च्या जुलैत, पहिल्या बेसवर असताना पिचरने त्याला बाद करायला फेकलं, ओझी हाताने सूर मारून परत आला आणि उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू) दुखावला. म्हणजे वरचा होमरन दुखऱ्या खांद्याने मारलेला. शस्त्रक्रिया त्याने टाळली. रनरना सुगावा लागू नये म्हणून बोभाटा केला नाही. दार उघडणं, रेडिओ लावणं, चेंडू फेकणं सोडून शक्य ते सगळं डाव्या हाताने. हंगाम संपल्यावर व्यायाम करून खांद्याभोवतीचे स्नायू कमावले. खांदा पूर्ववत झाला नाहीच, मग भरपाई पायांनी. चेंडू येण्याआधीच हलायचं, धावत्या पावलातच सोडायचं. अकरा वर्षं आणखी तीच जागा राखली.

आधीच हलायचं म्हणजे अंदाजपंचे नव्हे. कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) पिचरला खूण करतो ती शॉर्टस्टॉपला दिसते. संथ चेंडू मागितला तर उजवा बॅटर लवकर बॅट फिरवेल, चेंडू होलकडे येईल. बाहेरचा वेगवान मागितला तर मधून जाईल. मात्र ही हालचाल पिचरचा हात वर गेल्यावर करायची, आधी केली तर बॅटरच्या बेंचवरून ओरडून सांगतात.

सॉफ्टबॉलवाली

मधलीफळी दादा, तुमचा तिसरा प्रश्न राहिलाच, आणि मुलींच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

आधी एक इशारा. सामना सुरू होताना तो मारायचा ती मागची कोलांटी मुलींना दाखवू नका, नाहीतर आठवडाभर सराव सोडून तेच चालेल. (लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत लहानपणी लाकडाच्या वखारीत टायरच्या ट्यूबवरून भुशाच्या ढिगात उड्या मारून तो ती शिकला. तुमच्याकडे भुसा नसेल.)

चित्रफितीत चेंडू बघू नका, पाय बघा. पिचरने चेंडू सोडला की तो दोन छोटी पावलं पुढे टाकतो आणि चेंडू बॅटवर येण्याच्या क्षणी दोन्ही पायांच्या चवड्यांवर असतो, टाचा उचललेल्या. आपल्याकडच्या मुली बॅट लागेपर्यंत टाचांवर उभ्या राहतात, मग पहिलं पाऊल मागे जातं. तिथेच अर्धा मीटर गेला. दुसरं, ग्लोव्ह. त्याचा ग्लोव्ह आधी जमिनीला लागतो आणि खालून वर येतो. वरून खाली येणारा ग्लोव्ह नेहमी उशिरा पोचतो आणि चेंडू पायांतून जातो. क्रिकेट खेळलेल्या मुली गुडघा टेकून आडवी भिंत करतात. ते सीमेजवळ ठीक. इथे गुडघा टेकला की उठून फेकेपर्यंत रनर बेसवर.

घरच्या घरी करायचा सराव ओझीचाच घ्या. तो घरासमोरच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर चेंडू आपटायचा आणि दर फेकीला थोडा पुढे सरकायचा, म्हणजे वेळ कमी कमी. पायरीच महत्त्वाची. भिंतीवरून चेंडू अंदाजे येतो, पायरीच्या कडेला लागला की कुठेही जातो. मुलींसाठी टेनिस बॉल, ग्लोव्ह नाही, सुरुवात पाच मीटरवरून. दहा चेंडू, मग एक पाऊल पुढे, पुन्हा दहा. अडीच मीटरच्या आत नेऊ नका, डोळ्याला लागतो. दहातले सात पकडले जात नाहीत तोवर पुढे सरकायचं नाही. दिवसाला पन्नास-साठ चेंडू पुरे, त्यानंतर हात आळशी होतो आणि चुकीची सवय लागते.

टप्प्याचं एकच लक्षात ठेवायला सांगा. चेंडू एकतर जमिनीवरून उठताउठता घ्यायचा, नाहीतर टप्प्याच्या माथ्यावर. मधला टप्पा, पोटरी ते मांडीच्या उंचीवर चढत येणारा, सर्वांत घातक, तो छातीवर किंवा हनुवटीवर येतो. तो टाळायचा म्हणजे पुढे जायचं किंवा एक पाऊल मागे. जागेवर उभं राहून वाट बघितली की हमखास मधलाच मिळतो.

उघड्या हाताचा नाद करू देऊ नका. बरोजचा तो चेंडू नाइलाजाने उघड्या हाताने धरलेला आहे. सरावात उघडा हात ग्लोव्हच्या वर, झाकणासारखा, बोटं चेंडूच्या दिशेने ताठ न ठेवता. बोटं समोर ठेवली की पेर मुरगळते, अंगठा तर नक्कीच.

मधलीफळी

ताई, हे छापून भिंतीवर लावतो. ग्लोव्हचं एक सांगा. दुकानदार म्हणतो मोठा घ्या, चेंडू सुटणार नाही. आणि शॉर्टस्टॉपचे तर साडेअकरा इंची दिसतात.

सॉफ्टबॉलवाली

दोन्ही ऐकू नका. साडेअकरा इंची ग्लोव्ह बेसबॉलसाठी, त्या चेंडूचा घेर नऊ-सव्वानऊ इंच. सॉफ्टबॉलचा घेर बारा इंच, त्या ग्लोव्हमध्ये तो बसतच नाही, पाकिटातून डोकं बाहेर काढून राहतो. तेरा इंची घेतला तर तो आउटफिल्डचा. खिसा खोल, चेंडू आत जाऊन बसतो आणि मुलगी शोधत राहते. शॉर्टस्टॉपला बारा इंचाच्या आसपास, खिसा उथळ. दुकानातच तपासा. चेंडू ग्लोव्हमध्ये टाका, डोळे मिटा, दुसऱ्या हाताने पहिल्या झटक्यात चेंडू हाताला लागला पाहिजे. चाचपडावं लागलं तर तो ग्लोव्ह नको.

आणि घाई का, ते मुलींना मोजून दाखवा. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर, म्हणजे १८.३ मीटर. चपळ मुलगी पहिल्या बेसवर तीन सेकंदांच्या आसपास पोचते. हातमोजा दादांच्या गणितातला तो एक सेकंदसुद्धा इथे पुरा मिळत नाही. एकीने पळायचं, एकीने उचलून फेकायचं, तिसरीने स्टॉपवॉच धरायचं. पहिल्या दिवशी बहुतेक सगळ्या रनर जिंकतील, तो आकडा लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा लावा.

मधलीफळी

स्टॉपवॉच आहे. शनिवारी लावतो.